जुन्या किट कारची पेट्रोलची टाकी: वारंवार उद्भवणारा त्रास आणि बदली टाकीचा शोध

जुन्या किट कारच्या मालकांची तक्रार बहुधा एकाच साच्यातली असते. टाकी पाझरते किंवा आतून गंजली आहे, डागडुजी करूनही काही महिन्यांत त्रास परत येतो, आणि गाडीच्या नावाने बदली टाकी शोधली तर ती कोणाकडेच मिळत नाही. अशा बऱ्याच टाक्या उतरवून, तपासून आणि नव्या बसवून माझे मत असे झाले आहे की टाकी दुर्मिळ असते म्हणून हा शोध फसत नाही. तो चुकीच्या नावाने चाललेला असतो म्हणून फसतो. किट कार विकणारे छोटे कारखाने सांगाडा आणि फायबरग्लासची बॉडी देत असत. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा आस आणि पुष्कळदा टाकीसुद्धा ग्राहकाने एखाद्या जुन्या गाडीतून काढून बसवायची असे. ज्या गाडीतून हे भाग येत तिला डोनर म्हणतात, आणि आपल्याला हवी असलेली टाकी बहुतेक वेळा या डोनर गाडीच्या नावाने विकली जाते. मात्र तिथे पोहोचण्याआधी दोष खरोखर टाकीचाच आहे का, हे ठरवले पाहिजे, कारण टाकीच्या नावावर खपवलेले बरेच दोष तिच्याभोवतीच्या नळ्यांचे, झाकणाचे किंवा सेंडरचे, म्हणजे टाकीतली पेट्रोलची पातळी मोजून डॅशबोर्डवरच्या काट्याला कळवणाऱ्या भागाचे, निघतात.

लक्षणे

पेट्रोलचा वास हे सर्वात सामान्य लक्षण आहे, परंतु तो केव्हा येतो याकडे लक्ष द्यावे. टाकी काठोकाठ भरल्यावरच वास येत असेल आणि पाव भाग रिकामा होताच थांबत असेल, तर दोष वरच्या बाजूला, म्हणजे भरण्याच्या नळीचा रबरी जोड, सेंडरचे गॅसकेट किंवा व्हेंटची (टाकीत हवा ये-जा करण्याची) नळी यांपैकी कुठेतरी असतो. टाकीत थोडेसेच पेट्रोल असतानाही वास येत असेल, तर खालची शिवण, बाहेर जाणाऱ्या नळीचा जोड किंवा टाकी धरून ठेवणाऱ्या पट्ट्याखालचा पत्रा यांच्यावर संशय घ्यावा.

दुसरे लक्षण फसवे आहे. इंजिन सुरू झाल्यावर बराच वेळ उत्तम चालते, मग दम लागल्यासारखे होऊन बंद पडते आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सुरू होते. यावरून लोक आधी पंप बदलतात, मग कार्ब्युरेटर उघडतात. अशा वेळी टाकीचे झाकण उघडताना हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला, तर टाकीत हवा जाण्याचा मार्ग बंद झालेला आहे, एवढेच समजावे.

फिल्टरमध्ये तांबूस-तपकिरी पूड साचणे आणि फिल्टर बदलूनही ती पुन्हा येणे, हे आतल्या गंजाचे लक्षण आहे. टाकी पाव भरलेली असताना लांब वळणावर इंजिन अडखळत असेल, तर आतले आडवे पत्रे, म्हणजे बॅफल, सुटलेले असतात किंवा मुळात बसवलेलेच नसतात. काटा उलटा चालणे, अर्ध्यावर अडकणे किंवा टाकी भरलेली असूनही पाऊणच दाखवणे, हा मात्र सहसा टाकीचा दोष नसतो.

हात लावण्यापूर्वी

पेट्रोलची वाफ शून्याखाली सुमारे 40 अंश सेल्सियस तापमानालाही पेट घेऊ शकते, ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते, आणि हवेत तिचे प्रमाण साधारण 1.4 ते 7.6 टक्के असताना तिचा भडका उडतो. यामुळेच पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी केलेली टाकी अधिक धोकादायक असते. सर्व काम उघड्यावर करावे, बॅटरीची ऋण तार सोडावी, गाडी खड्ड्यावर घेऊ नये, काचेचा तापणारा दिवा जवळ आणू नये आणि पेट्रोलच्या आगीला चालणारे अग्निशामक हाताशी ठेवावे.

फुकटची तपासणी: झाकण आणि व्हेंट

पेट्रोल जितके बाहेर जाते तितकी हवा आत आली नाही, तर टाकीत पोकळी तयार होते आणि पंप हतबल होतो. पातळ पत्र्याची टाकी अशाने आत चेपलेलीही मी पाहिली आहे. जुन्या गाड्यांत हवेची वाट कधी झाकणातल्या बारीक भोकातून असते, तर कधी वेगळ्या नळीतून. किट कार जोडताना अनेकांनी दिसायला सुंदर असे हवाबंद झाकण बसवले आणि मूळ झाकणात व्हेंट होते हे कोणाच्या लक्षातच आले नाही. त्रास सुरू होताच झाकण थोडे सैल करून, टाकी निम्म्याहून कमी भरलेली ठेवून, थोडे अंतर चालवून पाहावे. इंजिन बंद पडणे थांबले, तर टाकी शोधण्याची गरजच उरत नाही; व्हेंटची नळी साफ करावी किंवा व्हेंट असलेले झाकण आणावे. बदली व्हेंट बसवताना गाडी उलटल्यास आपोआप बंद होणारी झडप असलेला घ्यावा, कारण उघड्या टोकाची नळी अपघातात पेट्रोल ओतते.

स्वस्त तपासणी: रबरी नळ्या आणि क्लिपा

जुन्या नळ्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी बनवलेल्या नव्हत्या. इथेनॉलने त्यांचे रबर आधी फुगते, मग कडक होते आणि वाकवल्यावर बारीक भेगा दिसतात. नळीच्या आतला थर सुटून तिचा पडदा झाल्यास बाहेरून ती धडधाकट दिसते आणि आतून वाट अडवते. त्यामुळे नळी हाताने वाकवून पाहणे एवढीच तपासणी पुरेशी नाही. नळीवर छापलेले प्रमाण वाचावे. एसएई जे30 आर9 (SAE J30 R9) असे छापलेली नळी फ्युएल इंजेक्शनचा दाब आणि इथेनॉल दोन्ही सोसते. आर6 ही कमी दाबाची, कार्ब्युरेटरच्या काळातली नळी आहे. काहीच छापलेले नसेल तर ती नळी बदलण्यातच शहाणपण आहे, मग ती कितीही नवी दिसो.

भरण्याच्या जाड नळीकडे विशेष लक्ष द्यावे. किट कारमध्ये भरण्याचे तोंड बॉडीला आणि टाकी सांगाड्याला जोडलेली असते, आणि रस्त्यावर हे दोन्ही एकमेकांच्या तुलनेत हलतात. ही नळी आखूड किंवा ताणलेली असेल, तर तिचा जोड सुटणे केवळ वेळेचा प्रश्न असतो. पाणी नेणारी रेडिएटरची नळी आकाराने बसते म्हणून इथे लावलेली अनेक गाड्यांत आढळते. ती पेट्रोलमध्ये मऊ होते आणि ताबडतोब काढून टाकावी.

सेंडर आणि काटा

सेंडरच्या चकतीखालचे कॉर्कचे गॅसकेट वाळले की भरलेल्या टाकीतून वास येऊ लागतो. नवे गॅसकेट नायट्राइल रबराचे किंवा इथेनॉल सोसणाऱ्या अन्य पदार्थाचे घ्यावे. काटा चुकत असेल तर मल्टिमीटरने सेंडरचा रोध मोजावा, पण त्याआधी चकतीची अर्थिंग तपासावी, कारण फायबरग्लासच्या बॉडीत टाकीला धातूचा आधार नसतो आणि अर्थिंगची तार गंजली की काटा भरकटतो.

सेंडरचे रोध निरनिराळे असतात. व्हीडीओ (VDO) या गेज बनवणाऱ्या कंपनीच्या प्रचलित युरोपीय प्रकारात टाकी रिकामी असताना 10 ओम आणि भरलेली असताना 180 ओम मिळतात. अमेरिकी बाजारातल्या अनेक सुट्या गेजांसाठी (काटा दाखवणाऱ्या तबकड्यांसाठी) रिकामी 240 आणि भरलेली 33 ओम हे माप असते. जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांत रिकामी 0 आणि भरलेली 90 ओम. ज्या गाडीत गेज एका घराण्याचे आणि सेंडर दुसऱ्या घराण्याचा आहे, तिथे काटा कधीच खरे बोलणार नाही. नवी टाकी घेतली तरी सेंडर टाकीला नव्हे, आपल्या गेजला जुळणारा निवडावा.

पाझर नेमका कुठून

टाकीचा खालचा भाग कोरडा पुसून त्यावर खडूची किंवा टाल्कची पूड लावावी आणि काही तासांनी पाहावे. पेट्रोल झपाट्याने उडून जाते, म्हणून नुसत्या डोळ्याला ओल दिसत नाही; पुडीवर मात्र वाट उमटते. डाग शिवणीवर आहे की पट्ट्याखाली, यावर पुढचा निर्णय अवलंबून असतो. पट्ट्याखाली जुन्या काळी लावलेली लोकराची किंवा नमद्याची पट्टी पाणी धरून ठेवते आणि तिथला पत्रा बाहेरून आत गंजत जातो. अशा ठिकाणी एक भोक दिसले, तर आसपास आणखी असतात असेच धरून चालावे.

यानंतर टाकीच्या तळाचे शेवटचे थोडे पेट्रोल पारदर्शक काचेच्या बरणीत काढून स्थिर होऊ द्यावे. खाली पाण्याचा वेगळा थर दिसला, तर तळ आतून गंजलेला असण्याची शक्यता मोठी आहे. जुन्या टाक्या बहुधा शिसे आणि कथील यांचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या असत. तो मुलामा एकदा उडाला की पाणी उघड्या लोखंडाला भिडते. इथेनॉल हवेतली ओल शोषतो आणि मर्यादेपलीकडे पाणी साचले की इथेनॉल व पाणी मिळून तळाशी वेगळे बसतात. वर्षातले बरेच महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत हे अधिक घडते, आणि किट कार बहुधा अशीच असते.

टाकी उतरवल्यानंतर

टाकी उतरवून, पूर्ण रिकामी करून, मोकळ्या वाऱ्यात वाफ निघून जाईपर्यंत ठेवल्यावर सर्व तोंडे बुचांनी बंद करून आत अगदी थोडा दाब द्यावा आणि शिवणींवर साबणाचे पाणी लावावे. इथे कॉम्प्रेसर वापरू नये. 60 बाय 30 सेंटिमीटरच्या सपाट बाजूवर फक्त 1 पीएसआय (चौरस इंचाला एक पौंड) दाब दिला, तरी त्या बाजूवर सुमारे 126 किलो भार येतो. चौकोनी टाकी फुगून तिच्या शिवणी उसवायला तेवढे पुरते. सायकलचा हातपंप घ्यावा आणि टाकीला जोडलेली एक पारदर्शक नळी पाण्याच्या उभ्या भांड्यात 50 सेंटिमीटर खोल बुडवून ठेवावी. दाब साधारण 0.7 पीएसआयच्या पुढे जाऊ लागला की हवा त्या नळीतून बुडबुड्यांनी निघून जाते, त्यामुळे टाकी आपोआप सुरक्षित राहते.

आतून लावायच्या लेपाबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. पत्रा शाबूत असेल, आतला गंज खरोखर संपूर्ण काढला असेल आणि भोके टाचणीच्या टोकाएवढी असतील, तर इथेनॉल सोसणारा लेप काही वर्षे काढतो. परंतु लेप नीट चिकटला नाही तर त्याचे पापुद्रे सुटून फिल्टर आणि नळीचे तोंड अडवतात, आणि लेप लावलेल्या टाकीला नंतर धड वेल्डिंगही करता येत नाही. वारंवार परतणारा त्रास बहुतांशी या लेपांच्या थरांतूनच जन्मतो. एकाहून अधिक ठिकाणी शिवण ओली असेल, तर डागडुजीवर पैसा घालू नये. नवी टाकी शोधावी. फायबरग्लासची टाकी असेल तर हा प्रश्नच उरत नाही, कारण जुने पॉलिस्टर रेझिन इथेनॉलमध्ये मऊ पडते आणि त्याला भरवशाची दुरुस्ती नाही.

बदली टाकी: आधी ओळख

उतरवलेली टाकी स्वच्छ करून तिच्या कडेवर, सेंडरच्या चकतीवर आणि भरण्याच्या तोंडाजवळ ठोकलेले क्रमांक शोधावेत. सर्व बाजूंनी मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्रे काढावीत. कारखान्यात दाबून बनवलेल्या टाकीचे दोन अर्धे भाग सलग कडेने जोडलेले असतात, तिच्यावर मजबुतीसाठी उठवलेल्या रेघा असतात आणि कोपरे गोलाईदार असतात. सरळ घडी घातलेले पत्रे, हाताने केलेल्या वेल्डिंगच्या रेघा आणि कोणताही क्रमांक नसणे, ही खास बनवून घेतलेल्या टाकीची खूण आहे. तिच्यासाठी बाजारात शोध घेण्यात अर्थ नाही.

कारखान्याची टाकी असेल तर डोनर शोधणे सोपे होते. ट्रायम्फ हेरल्ड ही 1959 पासून बनलेली गाडी स्वतंत्र सांगाड्याची असल्यामुळे किट कारवाल्यांची आवडती होती. 1962 ची स्पिटफायर तिच्याच सांगाड्याच्या घराण्यातली. पुढे फोर्ड एस्कॉर्ट, कॉर्टिना आणि सिएरा यांचे भाग मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. 1964 च्या मेयर्स मँक्सपासून सुरू झालेल्या बीच बग्ग्या फोक्सवॅगन बीटलच्या तळावर उभ्या राहिल्या. आपल्या गाडीचे इंजिन आणि मागचा आस ज्या गाडीचे, त्याच गाडीची टाकी असण्याचा संभव सर्वाधिक, पण खात्री नव्हे. जागेत बसेना म्हणून तिसऱ्याच गाडीची टाकी लावल्याची उदाहरणे भरपूर आहेत.

सालाबाबत सावध राहावे. नोंदणीच्या कागदावरचे साल बहुधा किट कारचे असते, टाकीचे नव्हे. बीटलचेच पाहिले तर तिच्या टाकीचा आकार आणि भरण्याच्या तोंडाची जागा वर्षांगणिक बदलली, आणि 1302 व 1303 या पुढच्या मॉडेलांची टाकी साध्या बीटलपेक्षा वेगळी आहे. एकाच मॉडेलच्या सलून आणि इस्टेट प्रकारांतही टाक्या भिन्न असू शकतात. विक्रेत्याला गाडीचे नाव सांगून थांबू नये. लांबी, रुंदी, उंची, पट्ट्यांमधले अंतर, सेंडरच्या तोंडाचा व्यास आणि बाहेर जाणाऱ्या नळीची जागा लिहून कळवावी. डोनर गाड्यांच्या हौशी मंडळांकडे आणि जुन्या गाड्यांचे भाग नव्याने बनवणाऱ्यांकडे अशी चौकशी केली की शोध बहुतेक वेळा संपतो. वापरलेली टाकी मात्र फक्त रिकामी, कोरडी आणि आतून पाहता येईल अशीच घ्यावी. बाहेरून नवा रंग मारलेली टाकी पाहिली की मी आधी संशय घेतो.

ओळख पटली नाही तर

मग दोन वाटा उरतात: तयार सार्वत्रिक टाकी किंवा मापाने बनवून घेतलेली. दोन्हींसाठी आधी पुठ्ठ्याचा पूर्ण आकाराचा नमुना करून गाडीत बसवून पाहावा. नमुना आत जातो, पण भरण्याची नळी बसवल्यावर बाहेर येत नाही, हा प्रकार नेहमीचा आहे. मागचा आस पूर्ण वर आला असताना, एक्झॉस्टपासून आणि बॉडीच्या कडांपासून पुरेसे अंतर उरते का, हे नमुन्यावरच तपासावे.

क्षमतेचा हिशेब सोपा आहे. सेंटिमीटरमधल्या तीन मापांचा गुणाकार करून 1000 ने भागले की लिटर मिळतात. 60 बाय 30 बाय 25 ची टाकी 45 लिटरची होते. पेट्रोल उष्णतेने प्रसरण पावते, 20 अंशांच्या वाढीला जवळजवळ 2 टक्के, म्हणून वरच्या भागात हवेची जागा सोडावीच लागते. भरलेल्या 45 लिटरचे वजन सुमारे 33 किलो असते आणि हलक्या गाडीत एवढे वजन मागच्या आसाच्या पुढे आहे की मागे, याने तिचा तोल बदलतो.

धातूबाबत माझी पसंती ॲल्युमिनियमला आहे, पण विनाअट नाही. वरील मापाची टाकी दीड मिलिमीटर लोखंडी पत्र्यात साडेनऊ किलोच्या आसपास, तर तीन मिलिमीटर ॲल्युमिनियममध्ये साडेसहा किलोच्या आसपास होते. मात्र ॲल्युमिनियम लोखंडी पट्ट्याला ओल्या अवस्थेत टेकले की झिजते, म्हणून मध्ये पाणी न शोषणारी रबरी पट्टी हवी. टाकी घट्ट बोल्टने सांगाड्याला जखडू नये. सांगाडा पिळवटतो आणि वेल्डिंगपाशी भेग पडते. स्टेनलेस टिकाऊ आहे, पण थरथर सोसण्याच्या बाबतीत पातळ स्टेनलेसचे जोड तितकेच काळजीपूर्वक करावे लागतात. बॅफल सांगायला विसरू नये, आणि त्यांचे खालचे व वरचे कोपरे कापलेले असावेत, म्हणजे पेट्रोल आणि हवा दोन्ही सरकतात. इंजेक्शनचे इंजिन बसवलेले असेल तर परतीच्या नळीचे तोंडही आताच करून घ्यावे, कारण तिथे पंप साधारण 3 बार दाबाने काम करतो आणि उरलेले पेट्रोल टाकीत परत यावे लागते. शर्यतीसाठी बनवलेल्या रबरी पिशवीच्या टाक्या सुरक्षित असतात, परंतु एफआयए या मोटर-शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मानकाच्या पिशवीची वैधता 5 वर्षांची असते. रस्त्यावरच्या गाडीसाठी हा खर्च सहसा परवडत नाही.

कुठे थांबावे

ज्या टाकीत कधीही पेट्रोल होते तिला घरी वेल्डिंग, ब्रेझिंग किंवा सोल्डरिंग करू नये, कटरही लावू नये. पाण्याने धुतली किंवा महिनाभर उघडी ठेवली, हे कारण पुरेसे नाही. शिवणीत आणि गंजाच्या थरात अडकलेले पेट्रोल उष्णतेने पुन्हा वाफ बनते. हे काम टाक्या वाफेने धुऊन निष्क्रिय वायूने भरणाऱ्या कारागिराचेच आहे. नवी टाकी बनवून घेतानाही ती ॲल्युमिनियमचे पेट्रोल-टाक्यांचे काम नियमित करणाऱ्याकडूनच घ्यावी आणि दाब-चाचणी करून मागावी.

टाकी बसवण्यासाठी सांगाड्याची नळी कापावी लागत असेल, टाकीची जागा बदलून ती एक्झॉस्टजवळ किंवा प्रवाशांच्या कप्प्यात येत असेल, किंवा आसनाखालच्या पोकळीत साचलेले पेट्रोल सापडले असेल, तर तिथेच थांबून जाणकार गॅरेजकडे गाडी ओढून न्यावी. चालवत नेऊ नये. टाकीची जागा बदलल्यास नोंदणी आणि तपासणीचे नियम काय म्हणतात, हेही काम सुरू करण्याआधी विचारून घ्यावे.

बसवल्यावर

पहिल्यांदा चारपाच लिटरच भरून तळाचे जोड तासभर पाहावेत, मग काठोकाठ भरून वरचे जोड, आणि उतारावर नाक खाली व वर अशा दोन्ही स्थितींत गाडी उभी करून पुन्हा पाहावेत. काटा रिकाम्या टाकीला कुठे राहतो आणि प्रत्येक पाच लिटरला किती सरकतो, याची नोंद भरतानाच करून ठेवावी. इंजिनाजवळचा फिल्टर नवा लावावा आणि शंभरेक किलोमीटरनंतर तो पुन्हा बदलावा, कारण जुन्या नळ्यांतला कचरा याच काळात निघून येतो. त्याच वेळी पट्टे आणि सर्व क्लिपा पुन्हा आवळाव्यात. नवी रबरी पट्टी पहिल्या काही दिवसांत दबते आणि पट्टा सैल पडतो.